पेज वासराला घाला

आमच्या फ्रिजच्या दारावर एक छापील कागद चिकटवलेला आहे. ह्यांना साखरेचा त्रास निघाला तेव्हा महाडमधल्या डॉक्टरांनी दिलेला. त्यावर खाण्यापिण्याच्या बारा सूचना आहेत. प्रत्येकीपुढे मी खूण केली आहे. निळी म्हणजे जमतं, लाल म्हणजे जमत नाही. चौथी सूचना अशी आहे : ‘भात कुकरमध्ये लावू नये. पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणी काढून टाकावे.’ हिच्यापुढची निळी खूण मी अर्धीच केली आहे. भात पातेल्यात शिजवते, पाणी काढते, पण टाकत नाही. ते ओट्यावर वाटीत गार होतं, त्याच्यावर पातळ साय येते. दुपारी भांडी घासायला येणारी मंदा विचारते, “ताई, ही पेज ओतू का?” मी म्हणते, “राहू दे.” जाताना मी खोलीत गेलेली बघून ती ओतते. मला कळतं, पण तेवढं मी बघत नाही.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा सवयीप्रमाणे आधी यादी केली. मजेशीर प्रसंग सतरा निघाले. एसटी चुकल्याचे, जळवांचे, पाककृती स्पर्धेत एकाच बाईने तीन नावांनी तीन पदार्थ ठेवून तिन्ही बक्षिसं नेल्याचे. ते सगळे लिहिण्यासारखे आहेत. पण यादीत अठरावी ओळ लिहून झाल्यावर आधीच्या सतरांकडे परत जावंसं वाटलं नाही.

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. बाहेरच्यांना हे पद कळत नाही, म्हणून सांगते. प्रत्येक वाडीवर अंगणवाडी असते, तिथे त्याच गावातली एक सेविका असते. ती मुलांना खाऊ देते, वजनं घेते, गरोदर बायांच्या नोंदी ठेवते. अशा वीस-बावीस सेविकांवर देखरेख ठेवणारी ती मुख्यसेविका. मी राहायला महाडला, काम पोलादपूर तालुक्यात. बावीस अंगणवाड्यांपैकी नऊ चालत जायच्या. नव्वदीच्या सुरुवातीला हे बीट, म्हणजे हा सगळा पट्टा, हातात आलं, तेव्हा मी तिशीत होते आणि माझी पिशवी कायम भरलेली असायची : स्प्रिंगचा वजनकाटा, मुलांना त्यात बसवायची कापडी झोळी, वाढीचे तक्ते, चित्रांचा संच, दोन रंगांची पेनं, पट्टी. पट्टी सगळ्यांत महत्त्वाची. रजिस्टरात चूक झाली तर गिरगटायचं नाही. पट्टी धरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला बरोबर आकडा लिहायचा. हे मी सेविकांच्या इतकं डोक्यात बसवलं होतं की त्या मला मागून ‘पट्टीवाली बाई’ म्हणायच्या.

कामाचा दुसरा भाग म्हणजे लोकांना काय खावं ते सांगणं. दर वर्षा-दोन वर्षांनी प्रशिक्षण व्हायचं आणि नवा चित्रसंच मिळायचा. काही गोष्टी आम्ही खरोखर बदलल्या, त्याचा मला अभिमान आहे. बाळंतिणीचं पहिलं चिकाचं दूध पिळून टाकून द्यायचे, ते थांबवलं. मिठाचंही एक सांगते. आयोडीनचं मीठ वापरा असं आम्ही वाडीवाडीवर सांगितलं, लोकांनी घेतलंही. पण आमच्याकडे मीठ आणलं की धुऊन घ्यायची रीत. खडेमीठ मातकट असायचं, म्हणून बाया ते पाण्यात खळबळवून चुलीशेजारी मडक्यात सुकवत ठेवायच्या. नवं मीठही तसंच धुतलं. आयोडीन मोरीत गेलं. ते कळायला मला दीड वर्ष लागलं, कारण मी दुकानातलं मीठ तपासत होते, मडक्यातलं नाही. पुढे दोन हजारनंतर प्रशिक्षणात सांगायला लागले, मीठ कमी करा, रक्तदाब वाढतो. कुडपणला एका बाईने विचारलं, “बाय, आदी मीठ बदला, मंग मीठ धुवू नका, आता मीठ खाव नका. पुडच्या साली काय, मिठाकडं बगू पन नको?” सगळ्या हसल्या. मीही हसले. तेलाचं, अंड्याचं, खोबऱ्याचं असंच झालं. मी वहीत पान पाडलं होतं, एका बाजूला जुनं, दुसऱ्या बाजूला नवं. सूचना बदलायच्याच, माणसं शिकत असतात म्हणून बदलतात, असं मी सेविकांना सांगायचे. ते आजही मला खोटं वाटत नाही.

आता अठरावी ओळ.

आंबेनळी घाटाच्या रस्त्याला एका वळणावर उजवीकडे पायवाट फुटते. तासभर चढलं की सव्वीस घरांची वाडी. नाव लिहीत नाही. वाटेत एक मोठा पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, आडवा येतो. उन्हाळ्यात त्यात पाय भिजत नाहीत आणि आषाढात तो कुणाला पलीकडे जाऊ देत नाही. वाडीतली सेविका सुलभा, सातवी शिकलेली, कामाची. तिच्या शेजारचं घर ठकूबाईंचं. ठकूबाई, त्यांची सून वनिता, आणि वनिताची मुलगी पिंकी. ठकूबाईंचा मुलगा मुंबईत एका कॅन्टीनला होता, तो शिमग्याला आणि गणपतीला यायचा.

वनिता नववीपर्यंत शिकली होती. मी सांगितलेलं लिहून घेणारी माझ्या अख्ख्या बीटमधली ती एकटी बाई. मीच तिला वही दिली होती, शंभर पानी, समास आखलेली. मी बोलायला लागले की ती पदराने हात पुसून वही काढायची. वाडीतल्या बाया तिला चिडवायच्या, “गो, परीक्षा हाय काय तुजी?” मला मात्र तिचा आधार वाटायचा. दोन तास चालत जाऊन-येऊन भिंतींशी बोलल्यासारखं वाटण्याच्या दिवसांत एक बाई लिहून घेते, ही मोठी गोष्ट होती.

त्या वाडीवर भात वेळायचे. म्हणजे मडक्यात किंवा टोपात भरपूर पाण्यात तांबडा जाडा भात शिजवायचा, शिजला की झाकण फडक्याने दाबून टोप कलता करायचा आणि जास्तीचं पाणी खाली उतरवायचं. ते पाणी म्हणजे पेज. ती मीठ घालून सकाळी पोरं प्यायची, म्हातारी माणसं प्यायची, बाळंतीण प्यायची, उरली तर वासराला जायची.

आमच्या चित्रसंचात एक पान होतं : ‘भात शिजवताना पाणी काढून टाकू नका, पोषक घटक वाया जातात.’ चित्रात बाई गटारात पाणी ओतते आहे आणि त्याच्यावर लाल फुली. सूचना बरोबर होती. मात्र चित्रातलं गटार आमच्या वाडीवर नव्हतं, आणि पेज कुणी टाकत नव्हतं. हे मी तेव्हा पाहिलंच नाही असं नाही. पाहिलं. पण दुसरी एक सूचना होती, तीही बरोबर : आठ-दहा महिन्यांच्या मुलाला नुसती पातळ पेज देऊन भागत नाही, पोट भरल्यासारखं होतं आणि वजन वाढत नाही, घट्ट खिमट द्या, वरणभात कुस्करून द्या. पिंकी अकरा महिन्यांची होती आणि तिचं वजन तक्त्यावर खालच्या रेघेला टेकलं होतं. ठकूबाई तिला वाटी वाटी पेज पाजायच्या. मला दोन्ही सूचना एकत्र करून सांगायला ती पेज सोयीची वाटली.

त्या शिमग्याला वनिताच्या नवऱ्याने मुंबईहून कुकर आणला. वाडीतला पहिला. मी म्हटलं, प्रात्यक्षिक ह्याच्यावरच करू. सरपण वाचतं, वेळ वाचतो, पाणी काढायचा प्रश्न नाही. सुलभाने सगळ्या बायांना अंगणात जमवलं. डाळ-तांदूळ लावले. पहिली शिट्टी झाली तशा ठकूबाई उठून गोठ्याकडे निघाल्या.

“आजी, कुठं चाललात?”

“त्ये फुटल गो बाय. मला अजून नातीचं लगीन बगायचाय.”

“काही फुटत नाही. या, बसा.”

“आनि शिट्टी कुनाला घालतय त्ये? या वयात मला शिट्टी नको.”

अंगण हसून हसून लोळलं. कुकर उघडला, मऊ वरणभात निघाला, बायांनी बोटांनी चाखला. ठकूबाईंनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, “पेज कुटं हाय?”

“पेज निघतच नाही ह्यात. सगळी ताकद भातातच राहते.”

“मंग सकाळच्याला पोरीला काय देव?”

आणि मी म्हणाले, “आजी, पेजेत काय ताकद? पेज वासराला घाला, नातीला भात भरवा.”

पुन्हा अंगण हसलं. ह्यावेळी ठकूबाई हसल्या नाहीत. माझ्या शेजारी बसलेली वनिता लिहीत होती. तिने समास सोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं, ते मी वाकून बघितलं आणि समाधानाने मान डोलावली : ‘पेज काढू नये. पेजेत ताकद नसते. मुलांस घट्ट अन्न द्यावे.’

दोन वर्षांत त्या वाडीवर सात कुकर झाले. मी वरच्या बैठकीत तो आकडा सांगितला, सगळ्यांनी नोंद घेतली. पिंकीचं वजन तीन-चार महिन्यांत रेघेच्या वर आलं, हेही खरं आहे. तो तक्ता मी इतर वाड्यांवर दाखवायला बरोबर नेत असे. पण बाकीच्या मुलांची वजनं दुसऱ्या वर्षी थबकली. सुलभाला विचारलं, “सकाळी काय देतात गं?”

“चहा देतात मॅडम. चहा न् त्यात बुडवून बटर.”

“आधी काय द्यायचे?”

ती गोंधळली. “आधी पेज असायची ना. आता कुकरात कुठली पेज?”

मी वहीत लिहिलं : ‘चहा बंद करणे.’ ती नोंद पुढे तीन बैठकांत तशीच आली. पेज परत सुरू करणे, असं लिहायचं मला सुचलं नाही. आपण बंद केलेली गोष्ट आपणच सुरू करायची, हे यादीत बसत नव्हतं.

त्याच वर्षी आषाढात पाऊस धरून बसला. घाटात दगड आला, रस्ता बंद. पऱ्या भरून वाहत होता. वाडीवर झऱ्याचं पाणी गढूळ झालं आणि मुलांना जुलाब लागले. सुलभाकडे जुलाबाच्या पुड्या होत्या, त्या दोन दिवसांत संपल्या, कारण अकरा मुलं आजारी होती. पुड्या संपल्या तर साखर-मिठाचं पाणी द्या, हे मी शिकवलं होतं. तिने सगळ्या घरांत सांगितलं. पण वाडीवर साखर लागते तेवढीच असते, दुकान पऱ्याच्या पलीकडे. ती पण संपली.

मी पाचव्या दिवशी पोचले, पाणी उतरल्यावर. वाडीच्या तोंडाशीच सुलभा उभी होती. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, “मॅडम, आधी वनिताकडे चला.”

दहा मुलं उठून बसली होती. पिंकी परवाच्या दिवशी गेली होती.

वनिता भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठायला गेली, सवयीने. मी तिला खाली बसवलं. मग तिने मला सगळं क्रमाने सांगितलं, मी शिकवलं होतं तसं. कधी सुरू झालं, दिवसातून किती वेळा, काय दिलं, किती दिलं.

“पुड्या दिल्या, मॅडम. मग साखर-मीठपाणी दिलं. साखर संपली. मग खिमट दिलं घट्ट, तुम्ही सांगितलेलं. ती तोंड फिरवायची. कोरा चहा दिला चमच्याने. पाणी मागायची, पाणी दिलं नुसतं.”

कोपऱ्यातून ठकूबाई बोलल्या. इतका वेळ त्या तिथे आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“मी बोलले व्हते. पेज कर, मीठ घाल, घोट घोट पाज. माजी चार पोरं अशीच वाचली. बाजूच्या घरात त्याच केलान त्यांनी, त्यांचं पोर बग आता खेळतंय.”

“आई,” वनिता म्हणाली.

“काय आई? खोटा बोलते मी? चूल पेटवू दिली नाय मला. बाय बोलल्यात पेजेत ताकद नाय. बाय बोलल्यात वासराला घाला.” त्यांचा आवाज चढला नाही. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “वासरू बी हाय अजून. बगायचाय?”

मला काय उत्तर द्यायचं होतं ते मी पुढे खूप वेळा तयार केलं आहे. पेज पाजूनही ती गेली असती. मूळची अशक्त होती. पुड्या वेळेवर पोचायला हव्या होत्या, रस्ता हवा होता, झऱ्यावर बांधीव टाकं हवं होतं, मी तीन वर्षं त्याची पत्रं लिहीत होते. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “असं छातीठोक कुणालाच सांगता येणार नाही, बाई. मनाला लावून घेऊ नका.” ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, “आजी, चुकलं माझं.” ठकूबाईंनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्या उठून गोठ्यात गेल्या.

परत उतरताना सुलभाच्या रजिस्टरात मृत्यूची नोंद तपासून सही केली. कारणाच्या रकान्यात तिने ‘जुलाब’ लिहिलं होतं. अक्षर बरोबर, रकाना बरोबर. मी पुढचं पान उलटलं.

मी नोकरी सोडली नाही. सोडावीशी वाटली, पण घरात दोन मुलं शिकत होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही येतही नव्हतं. पुढची दोन वर्षं त्या वाडीवर गेले की काम करून लगेच उतरायचे. वनिता बैठकीला यायची, मागे बसायची. ठकूबाई येत नसत.

मग नवं प्रशिक्षण झालं. तीन दिवसांचं, पंखे असलेल्या सभागृहात. नवा चित्रसंच वाटला. जुलाबाचं प्रकरण आलं, शिकवणाऱ्या बाईंनी पान उलटलं, आणि चित्रात एक बाई टोप कलता करून भात वेळत होती. खाली वाटी, वाटीत पेज, शेजारी चिमूटभर मीठ, मांडीवर मूल. खाली लिहिलं होतं : ‘जुलाबात घरातले पेय द्या : भाताची पेज, ताक, डाळीचे पाणी.’ शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “ही आपली पारंपरिक, सहज मिळणारी गोष्ट आहे. आयांना तिचं महत्त्व पटवून द्यायचं.” सगळ्यांनी लिहून घेतलं. मी पेन काढून नुसतीच बसले होते. माझ्या शेजारणीने विचारलं, “बरं नाही का?” मी म्हटलं, “पंखा डोक्यावर येतोय.”

नियमाप्रमाणे हे पान बावीसही अंगणवाड्यांत दाखवायचं होतं. एकवीस ठिकाणी दाखवलं. बाविसाव्या ठिकाणी सुलभाला पाठवावं, असं मनात आलं होतं. पण ती म्हणाली, “मॅडम, मी नाही दाखवणार. तुम्हीच या.” तिचं बरोबर होतं.

श्रावणातला उघडीपीचा दिवस होता. अंगणवाडीत चौदा बाया होत्या. वनिता ह्यावेळी पुढे बसली होती, मांडीवर सात महिन्यांचा मुलगा घेऊन. दारात, उंबऱ्याच्या बाहेर, पाठमोऱ्या ठकूबाई बसल्या होत्या. मी संच उघडला. आधीची पानं मुद्दाम सावकाश सांगितली. मग ते पान आलं. मी चित्र वर धरलं आणि जे लिहिलं होतं ते वाचलं, एकही शब्द जास्तीचा न बोलता. पेज काढावी. मीठ घालावे. घोट घोट पाजावी.

कुणी हसलं नाही. ठकूबाईंनी मागे वळून बघितलं नाही.

वनिताने मुलाला सुलभाकडे दिलं आणि वही काढली. तीच शंभर पानी, कोपरे दुमडलेली. तिने नवं पान काढून लिहिलं. मग ती मागची पानं चाळायला लागली, हळूहळू, आणि एका पानावर थांबली. मला इथून दिसत होतं कोणतं पान ते. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. पण तिला फक्त विचारायचं होतं, दर वेळी विचारायची तसं.

“मॅडम, मागचं खोडू का?”

मी म्हटलं, “खोड.”

तिने सुलभाच्या टेबलावरची पट्टी मागून घेतली, त्या ओळीवर नीट धरली आणि एकच सरळ रेघ मारली, मी शिकवली होती तशी, खालचं वाचता येईल अशी.